धुराचे महिने

आमच्या शेजारच्या सुनेला दमा असल्याचं मागच्या महिन्यात कळलं. तिची सासू भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "ताई, तुम्ही एवढी वर्षं कसं निभावलंत? जरा तिला सांगा की." मी गेले, पण पोरीचा उतरलेला चेहरा बघून सांगायचं ते सगळं बाजूला राहिलं. चहा घेऊन परत आले. तिच्या डोळ्यांतली ती भीती माझ्या चांगल्या ओळखीची होती. म्हणून आता लिहून काढते आहे. औषधांची नावं मी सांगणार नाही, ते काम डॉक्टरांचं. माझ्यावर काय बेतलं आणि आम्ही घरातली माणसं त्यातून कशी निघालो, तेवढं सांगते.

मी उदगीरची. वडिलांचं किराणा दुकान होतं. घरात मराठी आणि कानडी अशी मिसळून चालायची, की कुठली कधी बोललो ते आमचं आम्हाला कळत नसे. मॅट्रिकनंतर टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागली आणि लग्न झाल्यावर मी किनवटला बदली मागून घेतली, कारण हे किनवट तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. सासूबाई आमच्याजवळच असायच्या. सगळे त्यांना अव्वा म्हणायचे, मीही अव्वाच म्हणायचे.

किनवटला गेल्यावर पहिल्यांदा मी एवढं जंगल पाहिलं. चहूकडून डोंगर आणि त्यांच्यावर साग. पावसाळ्यात जीव निवावा असं गाव. पण उन्हाळा लागला की सागाची पानं गळून रानात गुडघ्याएवढा पाचोळा व्हायचा. मोहाची फुलं पडायला लागली, की ती वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायचे. बऱ्या वर्षी ती आग जागच्या जागी विझते. पण त्या काळात पावसानं लागोपाठ दगा दिला होता. विहिरी आटल्या होत्या, माळ करपले होते. एका झाडाखालची आग डोंगर चढायची आणि पलीकडे उतरायची. रागवायचं तरी कुणावर? ज्यांच्या घरात दाणा नव्हता त्यांना मोहाच्या फुलांनीच जगवलं.

दिवसा धूर डोंगरावर असायचा आणि पहाट झाली की खाली गावात येऊन बसायचा. ऊन चढलं तरी हलायचा नाही. सूर्य वर आला तरी त्याच्याकडे सरळ बघता यायचं, घासायचं राहून गेलेल्या परातीसारखा दिसायचा तो. उकाडाही वेगळाच होता, वरून कुणीतरी झाकण ठेवल्यासारखा. दुपारी आभाळ भरून यायचं, वारा सुटायचा, चार मातकट थेंब पडायचे आणि संपलं. बाजारात माणसं म्हणायची, "धुरानं ढग फाटून राहिले." ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. पण त्या आभाळाकडे बघून मलाही तसंच वाटायचं.

*

सुरुवात साध्या खोकल्यानं झाली. ढास लागायची, पाणी प्यायलं की बसायची. मग छातीत बारीक शिट्टी वाजायला लागली. जिना चढताना मी मधे थांबायचे आणि पदर सारखा करतेय असं दाखवायचे. घरी काही बोलले नाही. नव्या सुनेनं दुखणं काढलं की माहेरचं नाव निघतं, ही भीती कुणी शिकवावी लागत नाही.

माझं काम सगळं आवाजाचं. तेव्हा नंबर फिरवून परगावी फोन लागत नसे. माणूस फोन उचलून मला गाव सांगायचा, मी बोर्डावर दोरी लावायची आणि नांदेडच्या ऑपरेटरला हाका मारायच्या. लाइनी इतक्या कच्च्या होत्या की ओरडूनच बोलावं लागायचं.

एक दिवस सकाळी जंगल खात्याच्या कचेरीतून फोन आला. डोंगरातली आग एका वस्तीच्या अगदी जवळ आली होती. "बाई, नांदेड द्या. लवकर द्या." मी दोरी लावली. पलीकडून नांदेड म्हणालं, "बोला किनवट." आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. श्वास आत जात होता पण बाहेर येत नव्हता. नांदेडची बाई "बोला, बोला" करत होती, इकडे जंगलवाला "लागला का?" विचारत होता, आणि दोघांच्या मधे मी तोंड उघडं ठेवून बसले होते.

आमचे लाइनमन मारुतीराव तिथंच तारा गुंडाळत होते. त्यांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला आणि खड्या आवाजात कॉल जोडून दिला. मग माझ्याकडे बघितलं. माझी नखं निळी पडली होती म्हणे. त्यांनी मला सायकल-रिक्षात घालून गावातल्या डॉक्टरकडे नेलं.

वस्ती वाचली. लोकांनी ओल्या फांद्यांनी झोडपून आग थोपवली, नंतर नांदेडहून माणसंही आली. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. पण आपल्यामुळं कुणाचं घर गेलं असतं, हा विचार मनातून जायला फार काळ लागला.

*

गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली, श्वास मोकळा झाला. मग ह्यांना बाजूला घेऊन ते काहीतरी म्हणाले. हे मला घरी घेऊन आले. दाराशी आल्यावर म्हणाले, "नांदेडला जाऊन फोटो काढायला सांगितलाय छातीचा."

छातीचा फोटो म्हटलं की तेव्हा एकच रोग डोळ्यापुढं यायचा. त्याचं नाव कुणी घेत नसे. त्या संध्याकाळी अव्वांनी माझं ताट आणि तांब्या वेगळा काढला. भांडून नाही, काही न बोलता. वाढलं मात्र नेहमीसारखंच, वरून तूप घालून. मी जेवले. दुसऱ्या दिवशी मोरीत माझी भांडी मीच घासायला घेतली, तर अव्वा तोंड फिरवून आत गेल्या. त्यांचा मोठा भाऊ त्याच रोगानं गेला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

नांदेडला आम्ही रेल्वेनं गेलो. कोळशाचं इंजिन, खिडक्या बंद करूनही धूर आत यायचा. हे माझ्या तोंडावर ओला टॉवेल धरून बसले होते. समोरच्या बाकावरची बाई टक लावून बघत होती आणि मुदखेडला गाडी थांबली तशी उठून दुसऱ्या डब्यात गेली. हे म्हणाले, "तिला तिकडं वारा लागत असंल." मला हसू आलं आणि हसताना परत ढास लागली.

दवाखान्यात फोटो काढला, थुंकी तपासायला घेतली. बाकावर बसून राहिलो. हे मधूनच उठून जायचे, पाणी आणतो म्हणायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. शेवटी आत बोलावलं. डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला, खाली ठेवला.

"टी.बी. नाही," ते म्हणाले. "दमा आहे."

ह्यांनी हात जोडले. मी मात्र विचारलं, "बरा होतो का?"

"मुळातून जाईल असं मी सांगणार नाही. पण त्याला सांभाळून सगळं करता येतं. नोकरी करता येते, मुलंबाळं होतात. धूर तेवढा टाळायचा."

"साहेब, आमच्याकडं डोंगरच पेटतात," हे म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "आधी घरातला धूर बंद करा. चूल असेल ना? डोंगराचं नंतर बघू."

मी लिहिते आहे ते मुख्यतः ह्या दिवसासाठी. रोगाचं नाव कळलं त्या दिवशी मला बरं वाटलं की वाईट, हे आजही सांगता येत नाही. टी.बी. नाही म्हणून सुटले, आणि जन्मभराचं म्हणून अडकले. दोन्ही एकाच वाक्यात आलं. रडू आलं तर रडावं. मी दवाखान्याच्या नळावर तोंड धुण्याच्या निमित्तानं रडले.

*

मला दाखल करून घेतलं. सकाळी सिस्टर येऊन सुई द्यायची, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर छताचा पंखा. आडवं पडलं की जीव घाबरायचा, म्हणून मी उशीला टेकून बसूनच डुलकी घ्यायचे. सिस्टरनं शिकवलं, की दम लागला की हवा आत ओढायची घाई करायची नाही. ओठ जुळवून, गरम दूध फुंकतात तसा श्वास हळूहळू बाहेर सोडायचा. आत यायचा तो आपोआप येतो. एवढं सोपं, पण घाबरलेल्या माणसाला तेच जमत नाही.

शेजारच्या खाटेवर मुदखेडच्या एक खाला होत्या. त्यांचे मालक रेल्वेत इंजिनात कोळसा टाकायचे. खालांचा दमा जुना. मी पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसले होते, तर म्हणाल्या, "क्या हुआ बेटी? दमा है?"

मी मान हलवली.

"तो रोती कायको? दम है करके दमा है. जिसमें दमच नहीं उसको दमा कैसा?"

त्यांचा मुलगा डबा आणायचा. त्यातलं अर्धं त्या माझ्यासमोर ठेवायच्या. मग एकदम आठवून विचारायच्या, "तू तो लिंगायत ना? ये नक्को. ये वाला खा, दाल है." दुपारी लाइट गेली की स्वतः धापा टाकत मला विंझण्यानं वारा घालायच्या. मी नको म्हटलं तर म्हणायच्या, "मेरेकू भी लगता ना वारा, चुप बैठ." मी घरी जायच्या आधी त्यांना सोडलं. जाताना विंझणा माझ्या खाटेवर ठेवून गेल्या. परत भेट झाली नाही.

हे शनिवार-रविवारी यायचे. अव्वा एकदाही आल्या नाहीत. मी विचारायचे नाही, हे सांगायचे नाहीत. माझी समजूत झाली होती, की त्यांच्या मनातून मी उतरले.

*

घरी परतले तेव्हा दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कोपऱ्यात चूल नव्हती. तिच्या जागी ताजा सारवलेला चौकोन होता आणि त्यावर रॉकेलचा स्टो.

चूल अव्वांनी स्वतःच्या हातांनी घातली होती. तिला रोज पोतेरं करून हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्या चहा घेत नसत. स्टोवरची भाकरी म्हणजे भाकरीच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

अव्वा परातीत पीठ मळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "डोंगर माझ्या हातात न्हाई गिरजे. चूल व्हती."

"अव्वा, तुम्ही..."

"ह्यानं सांगितलं डॉक्टर काय म्हनले ते. म्या म्हनलं, मंग कशाला ठिवायची. कुदळीनं काढली. लई घट्ट झाली व्हती, आंग दुखलं चार दिस. म्हनून आले न्हाई दवाखान्यात." मग जरा थांबून म्हणाल्या, "अन् तिथं तुला तसं बघाया जीव झाला न्हाई. भावाला बघितलं व्हतं तसं."

त्या दिवशी आम्ही तिघं एका पंगतीला जेवलो. माझं ताट वेगळं नव्हतं. भाकरीला रॉकेलचा वास येत होता. अव्वांनी पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं, आणि पुढं जन्मभर करत राहिल्या, पण चूल पुन्हा घातली नाही.

*

पावसाळा जेमतेम झाला आणि दुसऱ्या वर्षी डोंगर आणखी लवकर पेटले. मी गोळ्या वेळेवर घ्यायचे, खिडक्यांना ओली गोणपाटं लावायचे, पहाटे बाहेर पडायचे नाही. त्यानं फरक पडला, पण पुरेसा नाही. बोर्डावर बसले की दुपारपर्यंत आवाज जायचा. मारुतीराव दोन-तीनदा माझ्या जागी बसले. मी नांदेडच्या डॉक्टरांना दाखवायला गेले, तर ते म्हणाले, "आता डोंगराचं बघायची वेळ आली."

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून निघून नव्या कचेऱ्या थाटत होता, टेलिफोनच्या बोर्डाला माणसं पाहिजे होती. माझं खातं केंद्राचं, मला बदली मिळत होती. ह्यांची मिळत नव्हती. जिल्हा परिषदेचा मास्तर जिल्ह्याबाहेर गेला की त्याची सगळी ज्येष्ठता पुसली जायची, नव्यानं लागलेल्या पोरांच्या मागं उभं राहावं लागायचं. आणि ह्यांची हेडमास्तरकी तर दारात आली होती.

"तू जा," हे म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"म्या काय, सुट्टीत येत जाईन. संसार काय पळून चाललाय?"

मला वाईट वाटलं, की एवढ्या सहज कसं म्हणतात. नवराबायकोनं दोन गावी राहायचं म्हणजे लोक काय काय बोलतात ते मी बोर्डावर बसून पुष्कळ ऐकलं होतं. अव्वा मुलाजवळ राहतील हे मी धरूनच चालले होते. पण निघायच्या आदल्या दिवशी बघते तर त्यांनी आपलं गाठोडं बांधून दारात ठेवलेलं.

"अव्वा, त्यांच्या जेवणाचं?" मी विचारलं.

"त्याला हात हायेत," अव्वा म्हणाल्या. "दम लागल्यावर तुझ्यापाशी कोन हाय?"

*

लातूरला धूर नव्हता असं नाही. उसाचं पाचट पेटायचं, डाळीच्या गिरण्यांचा कोंडा उडायचा. पण डोंगर उरावर बसल्यासारखा तो धूर नव्हता. मला रात्रभर आडवं होऊन झोप लागायला लागली. आवाज परत आला. बोर्डावरच्या मुली म्हणायच्या, "बाई, तुम्ही बोलला की लाइन लगेच लागती." दुष्काळ मात्र इथंही होताच. नळाला पाणी नसायचं, टँकरसाठी घागरींची रांग लागायची.

हे दर आठवड्याला किनवटहून फोन करायचे. नांदेडची बाई मला ओळखायची, "तुमचाच आहे," म्हणून जोडून द्यायची. बोलणं ठरलेलं. अव्वा कशा आहेत, पगार झाला का, पाणी येतं का.

होळी होऊन गेली होती. फोन आला. मी विचारलं, "तब्येत?"

"सगळं ठीक... हाय."

"ठीक" आणि "हाय" ह्यांच्या मधे त्यांनी श्वास घेतला.

दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं नसतं. मी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"धाप कधीपासून लागते?"

लाइन खरखरत होती. मला वाटलं तुटली. मग ते म्हणाले, "शाळेमागं आग आली व्हती. पोरांना घेऊन... झोडपली. तेव्हापासून जरा खोकला हाय. त्यात काय."

"डॉक्टरला दाखवलं?"

"परीक्षा झाल्यावर दाखवतो."

मी एरवी ह्यांच्याशी चढ्या आवाजात बोलत नाही, त्या दिवशीही बोलले नाही. शेजारच्या मुली ऐकत होत्या, नांदेडची बाई ऐकत असणार. मी म्हटलं, "तुम्ही मला जा म्हणालात, मी आले. आता मी म्हणते, या."

"हेडमास्तरची ऑर्डर..."

"येऊ द्या ऑर्डर. तुम्ही या."

वेळ संपली आणि नांदेडनं लाइन काढून घेतली.

घरी येऊन अव्वांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लिंगपूजेला बसल्या. बऱ्याच वेळानं उठल्या आणि म्हणाल्या, "येईल. हट्टी हाय, पर येडा न्हाई."

परीक्षा झाल्यावर हे नांदेडला जाऊन त्याच डॉक्टरांकडे तपासून आले. दमा नव्हता. धुरानं छाती सुजली होती. असंच चालू ठेवलं तर दुखणं मुक्कामाला येईल, असं त्यांना सांगितलं. हेडमास्तरची ऑर्डर आली आणि ह्यांनी ती परत पाठवली. लातूर जिल्ह्यासाठी अर्ज केला. मंजुरी यायला पुढचा उन्हाळा उजाडला. आले ते सगळ्यांत खालच्या जागेवर, एका खेड्यातल्या शाळेत, रोज एसटीनं जाऊन येऊन. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं पुढं त्यांच्या वर गेली. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. काही वर्षं ते त्या सहकाऱ्यांच्या सत्काराला जायचे नाहीत. मग जायला लागले.

आमची मुलगी लातूरलाच झाली. तिला दमा नाही. मला अजून आहे. आता पंप असतो, पिशवीत आणि उशाशी. त्या पोरीला मला एवढंच सांगायचंय, की पंप लपवू नकोस, आणि बरं वाटलं म्हणून गोळी बंद करू नकोस. बाकीचं घरच्यांना जमतं. वेळ लागतो, पण जमतं.

हे लातूरला आले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. दुपारची वेळ होती. हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी. अव्वा दारातच उभ्या होत्या. मुलगा कायमचा घरी येत होता, पण त्यांनी फक्त रस्त्याकडे हात केला.

"आलास? टँकर आलाय. बादली घे."

ह्यांनी ट्रंक उंबऱ्याशी ठेवली आणि रांगेत जाऊन उभे राहिले. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, अरुंद दगडी जिना होता. मी वरून बघत होते. भरलेली बादली घेऊन ते निम्म्यापर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं, आता धोतर सावरतील, नाहीतर चपलेत काहीतरी अडकल्यासारखं करतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. बादली पायरीवर ठेवली, भिंतीला हात लावला आणि सगळ्या गल्लीसमोर उभं राहून दम घेतला. मग वर माझ्याकडे बघितलं.

मी खाली उतरले. बादलीच्या कडीला त्यांचा हात होता, त्याच्या बाजूला मी माझा लावला. आम्ही सावकाश वर आलो.